बॅटरी चार्जर घेताना 'रिपेअर'चं बटण बघू नका, फ्लोट किती ते बघा

घरात एक पेट्रोल हॅचबॅक आहे जी शनिवार-रविवार सोडून हलत नाही आणि एक जुनी बुलेट आहे जी त्याहूनही कमी हलते, त्यामुळे "बॅटरी बसली" हे वाक्य आमच्याकडे दर पावसाळ्यात ऐकायला मिळतंच. मग बॅटरीवाल्याला फोन, तो जंपर लावून गाडी चालू करून देणार आणि जाता जाता "साहेब, आता बदलूनच टाका" म्हणणार. म्हणून एकदाचा चार्जर घ्यायचं ठरवलं आणि बघायला लागलो तर ज्याच्या त्याच्या डब्यावर रिपेअर, रिस्टोअर, डिसल्फेशन, पल्स असलं काहीतरी छापलेलंच. हे सगळं थोडंफार वापरून, मल्टिमीटर लावून बघून झाल्यावर माझं मत असं झालंय की पैसे द्यायचे ते बॅटरी सांभाळण्यासाठी (फ्लोट म्हणजे हेच, पुढे येईल), मेलेली उठवण्यासाठी नाही. उठली तर बोनस समजा. का ते सांगतो, जरा लांबेल.

आधी बॅटरी का बसते ते. गाडी बंद असली तरी घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) हे सगळे थोडा थोडा करंट खात असतात, साधारण २० ते ५० मिलीअँपिअर. ३० धरले तर दिवसाला ०.७ एएच (अँपिअर-अवर, बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) आणि तीन आठवड्यांत १५ एएच. छोट्या हॅचबॅकची बॅटरीच असते ३५ एएचची. म्हणजे गाडीत काही बिघाड नसताना तीन आठवडे उभी ठेवली की जवळजवळ निम्मी रिकामी, वर ती मुळात फुल नसणारच कारण शहरात दोन-तीन किलोमीटर भाजीला जाऊन आलो तर स्टार्टरने जेवढं ओढलं तेवढंसुद्धा कधी कधी भरून येत नाही. आणि ते रोज सकाळी दहा मिनिटं गाडी चालू करून उभी ठेवणारे काका असतात ना प्रत्येक सोसायटीत, त्यांनाही फार काही मिळत नाही, आयडलला अल्टरनेटर जेमतेमच देतो. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास हायवेला फिरवून आणा.

मल्टिमीटर घरात नसेल तर चार्जरच्या आधी तो घ्या, तीन-चारशे रुपयांचा साधा चालतो. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी दोन टर्मिनलवर लावायचा. १२.६ ते १२.८ आलं तर फुल, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव आणि ११.८ च्या खाली गेली की रिकामीच समजायची. नुकतीच गाडी चालवून आल्यावर किंवा चार्जर काढल्या काढल्या बघू नका, तेव्हा सगळ्याच बॅटऱ्या तब्येतीने छान दिसतात. बॅटरीवरचा तो हिरवा डोळासुद्धा सहापैकी एकाच सेलचा असतो, बाकीच्या पाचांचं त्याला काही माहीत नसतं.

आता रिस्टोअरची भानगड. बॅटरी डिस्चार्ज होते तेव्हा प्लेटांवर लेड सल्फेट जमतं, चार्ज केली की ते परत विरघळतं, हे रोजचंच चाललेलं असतं. पण अर्धवट रिकामी बॅटरी तशीच आठवडेच्या आठवडे पडून राहिली की त्या सल्फेटचे खडे मोठे आणि कडक होत जातात आणि मग साध्या चार्जिंगने विरघळत नाहीत. यालाच सल्फेशन म्हणतात. ते फार जुनं नसेल तर हळू, लांब चार्जने आणि शेवटी थोडा जास्त व्होल्टेज देऊन बरंचसं परत मिळवता येतं, यात खोटं काही नाही. पण बॅटरी मरायची कारणं अजूनही आहेत. पॉझिटिव्ह प्लेटची जाळी गंजते, प्लेटवरचं मटेरियल झडून तळाशी गाळ होतो, त्या गाळाने किंवा दुसऱ्या कशाने एखादा सेल शॉर्ट होतो. यातलं काहीही जगातला कुठलाही चार्जर दुरुस्त करू शकत नाही, मग त्यावर कितीही बटणं असू देत. आणि आपल्याकडच्या उन्हात हे गंजणं फार जोरात चालतं, तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं असा हिशोब धरतात, म्हणजे नागपूर-चंद्रपूरकडच्या लोकांनी सल्फेशनपेक्षा सावलीचीच जास्त काळजी करावी.

भावाच्या गाडीची जुनी, वरती बुचं असलेली बॅटरी होती, पाणी घालायची. बरेच महिने तशीच पडलेली. रात्रभर चार्ज केली तरी दुसऱ्या दिवशी १०.५ च्या वर येईना. हायड्रोमीटर (आतलं पाणी किती दाट ते मोजणारी नळी) घालून एकेक सेल बघितला तर पाच सेलांना १.२४० च्या आसपास ग्रॅव्हिटी, म्हणजे तो दाटपणा, आणि एका टोकाच्या सेलला १.१२०, वर त्या सेलचं पाणी काळपट. पाच सेल गुणिले २.१ म्हणजे १०.५, हिशोब तिथेच लागला, सहावा सेल गेलेला. ही बॅटरी रिपेअर मोडवर आठवडाभर ठेवली असती तरी लाइटबिलाशिवाय काही वाढलं नसतं. याउलट बुलेटची बॅटरी ११.९ वर सापडली होती, सगळे सेल सारखेच उतरलेले, ती मात्र हळू चार्जवर व्यवस्थित परत आली आणि अजून सेल्फ मारते. म्हणजे उठवता येईल की नाही हे चार्जरपेक्षा बॅटरीच ठरवते. कुठल्याही चार्जरवर पैसे टाकण्याआधी पन्नास-शंभर रुपयांचा तो काचेचा हायड्रोमीटर वापरून बघा (सीलबंद असेल तर अर्थात इलाज नाही) आणि वॉरंटी कार्डही शोधून काढा, बऱ्याच बॅटऱ्या वॉरंटीतच असतात आणि लोक विसरून गेलेले असतात.

आता चार्जर. पहिला प्रकार म्हणजे आपला देशी ट्रान्सफॉर्मरवाला, लोखंडी डबा, वर काट्याचा अँपिअर मीटर, दोन जाड वायरी लाल-काळ्या. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा कुठल्याही गावात ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. घुं आवाज करतो, बॅटरी पार झोपलेली असली तरी काही न विचारता करंट ढकलतो आणि बिघडला तर गल्लीतला कोणीही दुरुस्त करून देतो, तेव्हा ह्याला नावं ठेवणाऱ्यातला मी नाही. प्रॉब्लेम एवढाच की थांबायचं कुठे हे त्याला कळत नाही. काटा खाली येत येत एक-दीड अँपिअरवर येतो आणि तिथेच राहतो, व्होल्टेज मात्र वर चढत चढत १५, साडेपंधरा, १६ कडे जातं आणि बॅटरी उकळायला लागते, झाकणातून बुडबुडे, तो आंबूस वास. समोर बसून राहणार असाल तर उत्तम, लावून गावाला जाणार असाल तर हा नकोच. ऑटोकट लिहिलेले मिळतात पण तेही एकदा कट झाले की संपलं, सांभाळत बसत नाहीत.

दुसरा प्रकार ऑनलाइन धो धो मिळणारा, प्लॅस्टिकचा डबा, छोटा पंखा, रंगीत स्क्रीन, त्यावर टक्के आणि एक 'पल्स रिपेअर' बटण. किंमत हजार-दीड हजाराच्या आसपास, दिसायला एकदम मस्त. मी घेतलेल्याचं नाव लिहीत नाही, तसाही एकच डबा दहा नावांनी विकला जातो. ह्याने जुन्या बॅटरीला अर्ध्या तासात १०० टक्के दाखवलं तेव्हाच शंका आली. होतं काय की सल्फेट झालेल्या बॅटरीचा अंतर्गत रोध जास्त असतो, करंट सोडला की व्होल्टेज झटकन चढतं आणि हा बिचारा व्होल्टेजवरूनच टक्के काढतो, त्याला वाटतं झालं काम. म्हणजे ज्या बॅटरीला ह्याची सगळ्यात जास्त गरज तिलाच हा सगळ्यात लवकर सोडून देतो. दुसरं, फुल म्हणाल्यावर मीटर लावला तर १४.६, झोपताना १४.६ आणि सकाळीही १४.६. म्हणजे फ्लोट नावाचा प्रकारच नाही. रिपेअर मोडवर लावल्यावर स्क्रीनवर पाना चमकत राहतो, बॅटरीत काय फरक पडला तो मला तरी मीटरवर आणि हायड्रोमीटरवर दिसला नाही. वर चिमटे इतके पातळ पत्र्याचे की कारच्या टर्मिनलवर नीट चावत नाहीत. नुसता इमर्जन्सीला, आपल्या नजरेसमोर वापरायचा असेल तर पैसे वसूल आहे, नाही असं नाही. लावून विसरायचा मात्र हा चार्जर नाही.

फ्लोट म्हणजे काय तर बॅटरी पूर्ण भरल्यावर तिला जेवढं आपोआप उतरतं तेवढंच देत राहणं. १२ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिडला ते साधारण १३.५ ते १३.६ असतं. १३ च्या खाली ठेवलं तर हळूहळू सल्फेशन सुरू, १४ च्या वर महिनोन्‌महिने ठेवलं तर पाणी उडतं आणि जाळी गंजते. हे २५ अंशांचे आकडे झाले. गरमीत ते कमी करावे लागतात, दर अंशाला साधारण २० मिलीव्होल्ट, म्हणजे ४० अंशाच्या गॅरेजमध्ये १३.६ ऐवजी १३.३ हवं. चांगल्या चार्जरमध्ये टेम्परेचर कॉम्पेन्सेशन असतं ते ह्यासाठी, आणि आपल्याकडे ती गोष्ट त्या रिपेअर बटणापेक्षा कितीतरी कामाची आहे पण डब्यावर ती बारीक अक्षरात असते.

तिसरा प्रकार खरा मेंटेनर. माझ्याकडे सीटेकचा एमएक्सएस ५.० आहे, स्वीडनची कंपनी. किंमत ऐकून घरच्यांनी विचारलं की एवढ्यात नवीन बॅटरीच येईल की, आणि खरं आहे, छोट्या गाडीची नवी बॅटरी ह्याच्यापेक्षा स्वस्त येते. पण दोन गाड्या आणि अधूनमधून भावाची तिसरी असा हिशोब केला तर परवडतं, वॉरंटीही पाच वर्षांची. स्क्रीन वगैरे काही नाही, नुसते आठ दिवे ओळीने, एकेक पायरी पुढे सरकते. पहिल्या पायरीत पल्स देऊन सल्फेट सोडवायचा प्रयत्न, मग हळू सुरुवात, मग ५ अँपिअरने साधारण ८० टक्क्यांपर्यंत, मग १४.४ वर धरून करंट कमी करत आणणं. त्यानंतरची पायरी मला सगळ्यात आवडते, चार्जिंग थांबवून तीन मिनिटं नुसतं बघत बसतो की बॅटरी धरून ठेवते का, आणि १२ च्या खाली घसरली तर सरळ लाल दिवा लावून सांगतो की हिच्यात दम नाही. भावाच्या त्या बॅटरीला ह्याने हेच केलं. खोटं १०० टक्के दाखवण्यापेक्षा असा तोंडावर नकार देणारा चार्जर परवडला.

फुल झाल्यावर दहा दिवस १३.६ वर फ्लोट आणि त्यानंतर बॅटरी १२.७ पर्यंत उतरली की परत थोडा चार्ज, असं महिनोन्‌महिने चालू राहतं. मी मीटर लावून बघितलं, सांगितलंय तसंच करतो. बुलेटला बाइकच्या मोडवर ०.८ अँपिअर, कारला ५. निम्मी उतरलेली ३५ एएचची रात्री लावली की सकाळपर्यंत फ्लोटवर आलेली असते. घरच्या इनव्हर्टरच्या मोठ्या बॅटरीला मात्र हा लावत बसू नका, १५० एएचच्या ट्युब्युलरला ५ अँपिअर म्हणजे फारच कमी, आणि तसाही घरचा इनव्हर्टर स्वतःच तिचा मेंटेनर असतो, तिला फक्त वेळेवर डिस्टिल्ड वॉटर घाला, तेही चार्ज झाल्यावर, आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना बाहेर येतं.

ह्यात रिकंडिशनचाही मोड आहे, १५.८ व्होल्टपर्यंत जातो, करंट दीड अँपिअरच्या आत. बराच काळ रिकामी राहिलेल्या, पाण्याच्या बॅटरीत अ‍ॅसिड तळाशी जड आणि वर पातळ झालेलं असतं, थोडे बुडबुडे आले की ते ढवळलं जातं आणि उरलंसुरलं सल्फेटही हलतं. बुलेटच्या बॅटरीला दिला तेव्हा सेलांची ग्रॅव्हिटी एकसारखी झाली, एवढा फरक डोळ्यांनी दिसला. पण मी तरी बॅटरी गाडीतून सोडवूनच देतो, १५.८ व्होल्ट आजकालच्या इलेक्ट्रॉनिक्सला कशाला दाखवायचे. सीलबंद एजीएमला (हिच्यात पातळ पाणी नसतं, ते काचेच्या लोकरीत शोषलेलं असतं) हा मोड नकोच, त्यातलं पाणी गेलं तर परत घालायला जागाच नाही. लिथियमला तर कुठलाही रिपेअर-पल्सवाला चार्जर नको, तिचा वेगळा मोड असेल तरच लावा. आणि तो बर्फाचं चित्र असलेला मोड आहे ना, १४.७ चा, तो थंडीसाठी आणि काही एजीएमसाठी आहे, पुण्या-मुंबईत साध्या बॅटरीला चुकूनही नको.

न आवडलेल्या गोष्टी पण सांगतो. वायरी आखूड आहेत, सॉकेटपासून गाडी लांब असली की एक्स्टेन्शन लागतंच. पार झोपलेली बॅटरी, म्हणजे दोन व्होल्टच्या खाली गेलेली, ह्याला दिसतच नाही, तेव्हा आधी जंपरने दुसऱ्या बॅटरीला जोडून थोडी जागी करावी लागते (इथे देशी डबा जिंकतो). युरोपियन बारीक पिनचा प्लग आपल्या सॉकेटमध्ये सैल बसतो आणि रात्रभर चालणारी वस्तू सैल प्लगवर ठेवू नये, चांगला अ‍ॅडॉप्टर घ्या.

ह्याच पठडीतले बाकीचे म्हणजे बॉशचा सी३, ६ आणि १२ दोन्ही व्होल्टला चालतो, कारला ३.८ अँपिअर आणि बाइकला ०.८, एकच गाडी असेल आणि बजेट कमी असेल तर मी हाच बघितला असता. नोकोचा जीनियस ५ हा लिथियमचाही मोड देतो आणि एक व्होल्टपर्यंत उतरलेली बॅटरी ओळखतो, त्यामुळे लिथियमची बाइक बॅटरी असणाऱ्यांना तो बरा. फक्त अमेरिकेतून येणाऱ्या कोणाकडून मागवणार असाल तर मागचं लेबल आधी फोटो काढून मागवा, तिकडच्या मॉडेलवर बहुतेक ११०-१२० व्होल्ट असतं आणि आपल्या २३० ला लावलं की पहिल्याच दिवशी धूर.

लावतानाच्या दोन गोष्टी. आधी चिमटे, मग भिंतीवरचं बटण, काढताना उलटं, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि टर्मिनलजवळ ठिणगी नको. बंद खोलीत, देवघराशेजारी वगैरे अजिबात नको. नवीन स्टार्ट-स्टॉपवाल्या (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या) गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो, तिथे काळा चिमटा थेट पोस्टवर न लावता इंजिनच्या किंवा बॉडीच्या उघड्या लोखंडावर लावायचा, नाहीतर गाडीला कळतच नाही बॅटरी किती भरली ते. इलेक्ट्रिक कारवाल्यांनो, तुमच्या गाडीतही १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी असतेच, ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उठत नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून ब्रशने घासा, पुसून व्हॅसलिन लावा, अर्ध्या लोकांचा "चार्जर चालत नाही"चा प्रॉब्लेम इथेच सुटेल.

आणि खाली पार्किंगमध्ये सॉकेटच नसेल, जे पुण्या-मुंबईत बहुतेकांचं आहे, तर महागडा मेंटेनर घेऊ नका, तो शोकेसमध्येच राहील. दहा किलोची बॅटरी दर महिन्याला तिसऱ्या मजल्यावर कोणी चढवत नाही, आणि काढली की घड्याळ, स्टिरिओ, ऑटो खिडक्या सगळं परत सेट करत बसा. डॅशबोर्डवरचं छोटं सोलर पॅनल सुचवतात पण बऱ्याच गाड्यांत इग्निशन बंद की लायटरचा सॉकेटही बंद, मग पॅनल कोणाला चार्ज करणार. अशांनी लांब जाताना निगेटिव्ह केबल सोडून ठेवावी, दहा नंबरचा पाना पुरतो, किंवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगला एक कॉमन पॉइंट मागावा. आमच्याकडे तो मिळाला, बिल कोणी भरायचं यावर मात्र अजून चर्चा चालू आहे.